घराण्याची जीभ

ताटलीत ओतलेल्या कॅप्सूल सूनबाईनं पहिल्यांदा मोजल्या तेव्हा तिला आपलीच चूक वाटली. दुसऱ्यांदा मोजल्या तेव्हा बाटलीची वाटली. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. टाकीतून सुटलेलं पाणी आणि घरांत पोचलेलं पाणी जुळत नसेल तर मधे कुठंतरी गळती असते, हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. तिसऱ्यांदा तिनं फूटपट्टीच्या कडेनं एकेक कॅप्सूल बाजूला सारली. आजची जेवणानंतरची अजून द्यायची होती, ती धरूनही तीन कमी होत्या.

म्हणजे गळती होती, आणि ती जेवणाच्या टेबलाभोवती सूप पीत बसली होती.

रविवारी दुकान अर्धा दिवस. दादानं, म्हणजे तिच्या थोरल्या दिरानं, शटर खाली ओढलं की वरच्या मजल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायचं. दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून झालेल्या भांडणातसुद्धा हा नेम मोडला नव्हता. त्या वर्षी फक्त कुणी कुणाशी बोलत नव्हतं, एवढंच. आज जेवणाला विषयही ठरलेला होता. पुडीला नव्या औषधाच्या चाचणीत पुढं ठेवायचं की बाहेर काढायचं? उद्या सकाळी इस्पितळात जायचं होतं. उरलेल्या कॅप्सूल तिथली परिचारिका मोजून घेणार होती आणि मग पुढच्या टप्प्याची नवी बाटली मिळणार होती.

पुडी ही सूनबाईची नऊ वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती. आजोबांनी तिला दुपट्यासकट तळहातांवर घेऊन ‘ही तर औषधाची पुडी’ असं म्हटलं आणि खरं नाव शाळेपुरतं उरलं. मागच्या सहामाहीत शाळेत घशाची साथ आली, तिनं पुडीलाही धरलं. घसा बरा झाला, ताप उतरला आणि आठवड्याच्या आत घरात कुणी दुसरीच मुलगी वावरायला लागली. ताट, पेला, पेन्सिल, दाराची कडी, काहीही हातात घेण्याआधी एकच प्रश्न: हे उष्टं नाही ना? नाही म्हटलं तरी भागायचं नाही. पुन्हा विचारायची, आणि उत्तर त्याच सुरात यावं लागायचं. सूर चुकला की पहिल्यापासून सुरुवात. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली होती. दुसऱ्यांच्या ताटातलं पळवण्यात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती आता स्वतःच्याच ताटाकडे परक्यासारखी बघायची.

इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं. घशातल्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज कधीकधी वाट चुकते, मेंदूतल्याच एका कोपऱ्यावर चाल करून जाते, तिथं सूज येते आणि मग एखादा विचार तिथं अडकून बसतो, असा त्यांचा अंदाज होता. जंतूंवरचं औषध देऊन झालं होतं. अडकलेल्या विचाराशी कसं वागायचं ते शिकवणाऱ्या समुपदेशक बाईंकडे पुडी दर आठवड्याला जात होती. आता बघायचं होतं ते एवढंच की सूज उतरवणाऱ्या औषधानं तो विचार सुटतो का. चाचणीतल्या अर्ध्या मुलांना औषध आणि अर्ध्यांना दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय ते मुलांना, घरच्यांना, खुद्द डॉक्टरबाईंनासुद्धा ठाऊक नसायचं.

दुसरं कुठलंही घर यावर मान डोलवून गप्प बसलं असतं. पण हे औषधवाल्यांचं घर. पुडीच्या पणजोबांनी खलबत्त्यावर दुकान सुरू केलं तेव्हा नियम घालून दिला होता: आपल्या जिभेला लावून बघितल्याशिवाय काहीही गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं नाही. पुढं औषधं कारखान्यातून बंद पाकिटांत यायला लागली, नियमाचं काम संपलं, पण जिभेला ते कुणी कळवलं नाही. या घरात मुलं बोलायला लागायच्या आधी कडू-तुरट ओळखायची. अशा माणसांच्या घरात, आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही अशी बाटली ठेवणं म्हणजे मांजरापुढं झाकलेलं दूध ठेवण्यातला प्रकार होता, आणि ही गोष्ट नकाशावाल्या बाईच्या लक्षात आली नव्हती.

“पुडी आधीच जेवून खाली गेलीय,” ती ताटली टेबलाच्या मधोमध ठेवत म्हणाली. “ती वर यायच्या आत सांगा. कुणी घेतल्या?”

सगळ्यांनी सुपाकडे बघितलं. सूप एकाएकी फार बघण्यासारखं झालं होतं.

*

दादाला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. दुकानात तो रोज ‘उद्या नक्की येईल माल’ असं सांगत असे. पण घरात बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या आता झाल्या होत्या आणि समोर बसलेली त्याची धाकटी बहीण ताई, दातांची डॉक्टर, त्याच पाळ्यांकडे टक लावून बघत होती. शेवटी त्यानं चमचा खाली ठेवला आणि एक आपण घेतल्याचं कबूल केलं. वाईट हेतूनं नाही, पोरीच्या काळजीनं, असं त्याचं म्हणणं. पोरीला महिनोन् महिने पीठच खाऊ घालत असतील तर ते कुणीतरी बघायला नको का? त्यानं कॅप्सूल दुकानात नेली, उघडली, चाखली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“कडू,” तो म्हणाला. “अस्सल औषध आहे. म्हणून तर पोरगी सुधारतेय.”

“काहीतरीच काय,” ताई म्हणाली. “मी चाखली ती कडू होती, पण दमदार नव्हती. वरवरची. पीठच आहे ते.”

हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपणही कबुली देऊन बसलो आहोत. पण तेवढ्यावर थांबेल ती ताई कसली. तिनं सांगितलं की आपण ती दवाखान्यात नेऊन, स्वच्छ खुर्चीत बसून, मधे पाण्यानं चूळ भरून, नीट पद्धतशीर चाखली. दादासारखी गल्ल्यामागे उभं राहून नाही. दादा म्हणाला, दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या तोंडाला काय चव राहणार. मागच्या खोलीचा दवाखाना करायचा की गोदाम, यावरून या दोघांचं जे बिनसलं होतं ते पुन्हा वर यायला लागलं. दोघांपैकी कुणालाही लाज वाटायची अजून वेळ झालेली नव्हती.

दोन झाल्या. सूनबाईनं नवऱ्याकडे बघितलं.

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचा. दुकान सोडून खडू हातात घेणारा घराण्यातला तो पहिलाच, आणि त्याबद्दल त्यानं पुरेसं ऐकून घेतलं होतं. चाचणी सुरू झाली तेव्हा याच टेबलावर दोन पेले मांडून त्यानं सगळ्यांना समजावलं होतं की कुठल्या पेल्यात काय आहे ते कळलं की माणसाला हवं तेच दिसायला लागतं, म्हणून कुणी काही जाणून घ्यायचं नाही. फार छान समजावलं होतं. ताईनं तर टाळ्या वाजवल्या होत्या.

“तूसुद्धा?” सूनबाई म्हणाली.

मास्तरनं मान डोलावली. त्याला त्या सकाळची आठवण लख्ख होती. पुडी शाळेला निघताना उंबऱ्यात अडकली होती, कडीला हात लावायला तयार नव्हती, रडत होती, आणि तिला समजावून पाठवल्यावर तो एकटाच स्वयंपाकघरात त्या बाटलीसमोर उभा राहिला होता. त्या क्षणी त्याला विज्ञान नको होतं. ‘यात औषध आहे’ एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. हे सगळं त्यानं सांगितलं नाही. त्यानं फक्त सांगितलं की आपण चाखली, पण आपल्याला काहीच कळलं नाही.

भाऊ आणि बहीण, दोघांनी भांडण थांबवून त्याच्याकडे दयेनं बघितलं. खडूनं जीभ गेली बिचाऱ्याची.

*

तीन झाल्या. हिशेब जुळला तशी सूनबाईला आधी बरंच वाटलं. पुडीची एकही वेळ चुकलेली नव्हती. पण उद्या तिथं तीन कॅप्सूल कुठं आहेत म्हणून विचारतील, आणि तिच्याजवळ दोनच उत्तरं होती. एक खरं होतं आणि ते सांगितलं तर पुडीची जागा जाऊ शकत होती.

त्या जागेसाठी तिनं काय नाही केलं. चाचणी संपली की दोन्ही गटांतल्या सगळ्या मुलांना खरं औषध डॉक्टरांच्या नजरेखाली मिळणार होतं. बाहेर पडलं तर काहीच नाही. अजून सिद्ध न झालेलं औषध लहान मुलीला कुठला शहाणा डॉक्टर आपणहून लिहून देईल? आणि हल्ली हल्ली कुठं पुडी एकदा विचारून घास उचलायला लागली होती. परवा तर ताटात परत एकदा वाढून घेतलं होतं. ते औषधानं होतं, बाईंच्या शिकवण्यानं होतं की नुसतं दिवस गेल्यानं, ते सूनबाईला माहीत नव्हतं. तिला तिची जुनी, ताटांतलं पळवणारी मुलगी परत हवी होती.

दादानं तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं. तो खुर्ची सरकवून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की दुकानाच्या मागच्या कपाटात रिकाम्या कॅप्सूल आहेत. रंगही जवळपास हाच. तीन भरायला त्याला चहा उकळेपर्यंतसुद्धा वेळ लागणार नाही. परिचारिका मोजणार, चाखणार थोडीच.

“तिथं आपल्यासारखी माणसं नसतात,” तो म्हणाला.

ताई म्हणाली, रंग जवळपास नको, अगदी तोच हवा; तिच्या ओळखीत एक पुरवठादार आहे. मागच्या खोलीच्या भांडणापासून या दोघांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. ते आज झालं, आणि दोघंही त्या आनंदात टेबलावर एकमेकांकडे झुकून कामाला लागले. सूनबाई गप्प राहिली. आणखी थोडी गप्प राहिली तर आपण हो म्हटल्यासारखं होईल हे तिला कळत होतं, आणि तरी ती गप्पच राहिली.

मास्तर म्हणाला, नको. त्याचा आवाज इतका बारीक होता की त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं. ही आपली एकट्यांची गोष्ट नाही, पुढं किती मुलांना हे औषध द्यायचं की नाही ते यावर ठरणार आहे, असं तो सांगायला लागला. पण तीन चोरांपैकी एक असल्यामुळे त्याला नेहमीसारखा व्याख्यानाचा सूर लागेना. बायकोनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की वाक्य अर्ध्यातच राहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती दिराच्या बाजूला होती आणि नवरा एकटा पडला होता.

*

आजोबा एवढा वेळ काही बोलले नव्हते. बोलण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटत होतं. पोरं आहेत, चाखणारच. उलट न चाखती तर त्यांना आपल्या वळणाची काळजी वाटली असती. पण ‘रिकाम्या कॅप्सूल भरू’ हे शब्द कानावर पडले तसे ते खुर्चीत ताठ बसले. त्या दुकानात ते स्वतः उभे राहिले तेवढ्या वर्षांत पाटीवर एक आणि पुडीत दुसरंच असं कधी झालं नव्हतं. आणि इथं त्यांचा थोरला त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच कपाटातल्या कॅप्सूलमध्ये पीठ भरायचं म्हणत होता.

त्यांनी टेबलावर हात ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. तेवढं पुरत असे.

“माझ्या दुकानातून खोटी कॅप्सूल बाहेर जाणार नाही,” ते म्हणाले. “आणि तुम्हा तिघांना एक सांगतो. चाखायची अक्कल आहे, पण राखायची नाही. मीही बघितली चाखून. पण माझी एक तरी कमी भरली का?”

कुणाला काही समजेना.

आजोबांनी मग, शिकाऊ पोरांना शिकवायचे तसं, हातांनी करून दाखवलं. कॅप्सूलची दोन टोकं अलगद फिरवून सोडवायची. आतली पूड जिभेच्या टोकाला कणभर लावायची. पुन्हा टोपण बसवायचं, आणि कडेवरून जिभेला लावलेलं ओलं बोट फिरवायचं की ती अशी बंद होते की कारखान्याच्या बापाला कळू नये. आणि मग परत बाटलीत. औषध वाया घालवायचं नसतं, आणि तेही पोरीचं.

बोलता बोलता ते हसत होते. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्यांना दिसलं की कुणीच हसत नाही. ताईनं तोंडावर हात ठेवला होता. सूनबाई ताटलीतल्या कॅप्सूलकडे बघत होती, एकेक करून, जशी कुठलीतरी ओळखू येणार होती.

मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ओलं बोट. बाटलीत परत. ती बाटली कुणाची, आणि ती पोरगी दिवसभर सगळ्यांना काय विचारत असते. आजाराच्या सगळ्या दिवसांत पुडीचा पूर्ण भरवसा होता तो एकट्या आजोबांवर. औषधवाल्याचे हात स्वच्छच असतात अशी तिची खात्री होती. इतरांना ती दहादा विचारायची, आजोबांना एकदाच. त्या एकदाचं उत्तर त्यांनी प्रत्येक वेळी अभिमानानं दिलं होतं.

“कधी?” सूनबाईनं विचारलं.

“मागच्या रविवारी,” आजोबा म्हणाले. “वरच ठेवली होती. ताटलीत नसेल ती आता. गेली असेल तिच्या पोटात.”

त्यांना एकाएकी फार म्हातारं वाटलं. नातीला जग उष्टं वाटत होतं आणि त्यात जी एक जागा स्वच्छ राहिली होती, तीही त्यांनीच उष्टी करून ठेवली होती.

*

सूनबाईनं उठून फोन लावला. आता रंग जुळवून काही भागणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंही वाटलं. दिरानं दिलेली वाट सोपी होती, पण त्या वाटेनं गेली असती तर पुढं पुडीला कधी ‘खरं सांग’ म्हणायचं तोंड तिला राहिलं नसतं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलीची एखादी वेळ चुकली का, तिला काही त्रास झाला का, ते विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं की घरात एकूण माणसं किती, आणि चाखायचं कुणाचं राहिलंय का. सूनबाई म्हणाली, माझंच. तेवढ्यात मागून दादा मोठ्यानं “कडू आहे, त्यांना सांग” म्हणाला आणि सूनबाईनं फोनवर हात दाबला, पण उशीर झाला असावा. पलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या की दोन्ही प्रकारच्या कॅप्सूलमध्ये मुद्दामच थोडा कडूपणा घातलेला आहे. तुमच्यासारखी घरं असतात, म्हणूनच.

हे सूनबाईनं टेबलावर सांगितलं तेव्हा दादा आणि ताई, दोघंही आपापल्या सुपात पाहायला लागले. मास्तरच्या चेहऱ्यावर मात्र जरा तजेला आला; त्याला काही कळलं नव्हतं म्हणजे तिघांत त्याचंच उत्तर बरोबर होतं.

डॉक्टरबाईंचं म्हणणं असं पडलं. जे झालं ते त्यांना वर कळवावं लागेल आणि निर्णय तिथं होईल. पुडीनं आपल्या कॅप्सूल नेमानं घेतल्या आहेत, तेव्हा जागा बहुतेक टिकेल. पण तिनं यापुढंही त्या घ्यायला हव्यात, आणि तेही स्वतःच्या मर्जीनं. सुरुवातीला पुडीनं स्वतः हो म्हटलं होतं. म्हणून झालेलं सगळं तिला सांगायला हवं. आजच, आणि घरच्यांनीच; उद्या इस्पितळात त्यांनी नाही.

“सगळं?” सूनबाईनं विचारलं. “ते बोटाचंसुद्धा?”

ते तर आधी, असं पलीकडून उत्तर आलं.

सूनबाईनं फोन ठेवला. सगळ्यांच्या मनात एकच होतं. हे ऐकल्यावर पुडी त्या बाटलीला हात लावणार नाही, आणि मग जागा ठेवली काय आणि गेली काय. सूनबाई जिन्याकडे निघाली तसे आजोबा म्हणाले की तू बस, मी सांगतो. तुमच्याच्यानं होणार नाही असं ताई म्हणाली. होईल, असं आजोबा म्हणाले, आणि त्यांनी जिन्यावरून हाक मारली.

*

पुडी खाली रिकाम्या खोक्यांची पेठ मांडून बसली होती. दुकान तिला आवडायचं. तिथं कुणी काही खात नसे. वर आली तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मोठी माणसं अशी बघतात तेव्हा एक तर कुणी मेलेलं असतं किंवा त्यांनी काहीतरी फोडलेलं असतं, एवढं तिला कळत होतं. ती आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आजोबांपुढं अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं, ताईनं बसवून दिलेल्या कवळीचे ठसे त्यावर ओळीनं उमटलेले.

आजोबांनी आडवळणानं सांगितलं नाही. बाबांनी, काकांनी, आत्यानं एकेक कॅप्सूल घेऊन चाखली, आणि आपणही एक उघडली, पुन्हा बंद केली आणि बाटलीत ठेवली, असं त्यांनी सांगितलं.

“जिभेला लावून?” पुडीनं विचारलं.

“बोट जिभेला लावलं, आणि बोट कॅप्सूलला.”

“म्हणजे उष्टीच.”

“उष्टीच,” आजोबा म्हणाले.

“आणि ती मी गिळली.”

“हो गं बाळा.”

पुडी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता. एरवी सूनबाईनं तो आधी घट्ट केला असता. पुडी आता उठेल, नळाशी जाईल, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलणार नाही, असं सगळ्यांनीच धरलं होतं. मास्तरनं तर खुर्ची सरकवून तिला जायला वाट करून दिली.

ती भीती आली होतीच. आधी थंड, मग वर चढणारी; पुडी तिला आता चांगली ओळखत होती. नळ चार पावलांवर होता. पण त्या भीतीच्या बाजूनंच दुसरं काहीतरी वर येत होतं आणि ते जास्त गरम होतं. तिला भयंकर राग आला होता.

“ती माझी शेवटची पायरी होती,” ती म्हणाली.

कुणाला उमजेना. तिनं रागारागानं सांगितलं. समुपदेशक बाईंनी तिला शिडी काढून दिली होती. खालच्या पायरीवर दुसऱ्याची पेन्सिल, मग दाराची कडी, मग दुसऱ्याचा धुतलेला पेला, असं करत करत सगळ्यात वर कुणाचं तरी उष्टं खाणं. प्रत्येक पायरी माहीत असताना चढायची, भीती वाटली तरी हात न धुता बसून राहायचं आणि भीती आपली आपण उतरेपर्यंत थांबायचं. ती पेल्यापर्यंत पोचली होती, कुणाच्या मदतीशिवाय. आणि आजोबांनी तिला न सांगता, ती झोपेत असल्यासारखी, उचलून वर नेऊन ठेवलं होतं.

“न कळता केलेलं धरत नाहीत,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आता ते मला पुन्हा करावं लागणार.”

आजोबा म्हणाले, “चुकलं माझं.” एवढ्या वर्षांत हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, दादानं तर मान वर करून बघितलं.

पुडीनं नाक ओढलं. टेबलावर तिची नजर फिरली आणि सफरचंदावर थांबली. “ते द्या,” ती म्हणाली.

“आत्ताच कशाला,” सूनबाईच्या तोंडून गेलं. “सवडीनं कर ना.”

“आई, कुणी बोलायचं नाही. ‘काही होत नाही’ असंसुद्धा म्हणायचं नाही. ते म्हटलं की फुकट जातं.”

आजोबांनी सफरचंद तिच्यापुढं केलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, कवळीच्या ठशांची बाजू आपल्याकडे वळवली आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. न बोलणं या घराण्याला भांडणाखेरीज कधी जमलेलं नव्हतं, पण आज सगळे जमवत होते. दादानं ओठ आत ओढून घेतले होते. ताई छताकडे बघत होती. मास्तरनं टेबलाखाली बायकोचा हात शोधला आणि तिनं तो धरू दिला. सूनबाईला वाटत होतं की उठावं, ते सफरचंद हिसकावून घ्यावं आणि पोरीला म्हणावं की नको, तू अशीच राहा, मला चालेल. ती उठली नाही.

पुडीनं ठशांवरच दात रोवले. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. ती चावत राहिली, डोळे मिटून, गिळलं आणि नंतर ताठ बसून राहिली. मग तिचं तोंड उघडलं आणि सगळ्यांना पाठ असलेला तो प्रश्न ओठांवर आला.

“हे उष्टं...”

ती थांबली. आजोबा उत्तर द्यायच्या बेतात होते, त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

“आहे,” पुडी म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

हा घास जरा लवकर गेला. तिसरा घेताना तिनं ताटलीकडे बघितलं, तिच्या जेवणानंतरच्या कॅप्सूलचं काय झालं ते विचारलं, आणि आई पुढं होईपर्यंत स्वतःच एक उचलून पाण्याबरोबर गिळून टाकली. ती कुणी चाखली होती की नाही, ते तिनं विचारलं नाही. पेला खाली ठेवला, आणि या बाटलीला आता बाकीच्यांनी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. दादानं सगळ्यांच्या वतीनं मान हलवली.

सूनबाईनं एवढा वेळ धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं. ती उठून आली आणि पुडीला मागून मिठी मारून तिच्या केसांवर रडत राहिली. पुडीनं थोडा वेळ सहन केलं. मग भरल्या तोंडानं म्हणाली, “आई, जरा बाजूला हो ना, तुझं रडू सफरचंदावर पडेल.”